लॅबमधल्या मंडळींना डेटासाठी गिट / डेटालॅड शिकवतानाचे अनुभव – लिहा पटापट

अबोली
काल रात्री जुन्या लॅबमधल्या ज्युनियरचा मेसेज आला. काही लिहिलेलं नाही, नुसता स्क्रीनशॉट, त्यात "परमिशन डिनाइड" आणि खाली "ताईईई". इतकी हसले की नवऱ्याने येऊन विचारलं काय झालं. सगळं आठवलं एकदम.

आमचं मेंदूच्या एमआरआयचं काम. गिट म्हणजे फायलींत कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि ते सगळं ऑनलाइन ठेवायची जागा म्हणजे गिटहब. एकेका माणसाचा डेटा काही जीबी आणि गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही, म्हणून मोठ्या डेटासाठीचं डेटालॅड आणलं. त्याच्या पोटात गिट-अ‍ॅनेक्स असतं. म्हणजे गिटकडे फाइलचं नाव आणि चेकसम (आतल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा), खरा माल अ‍ॅनेक्समध्ये, आणि फोल्डरमध्ये दिसते ती नुसती लिंक, तीपण कुलूपबंद, चुकून कोणी वर लिहू नये म्हणून. आता हे कुलूप काढायला अनलॉक म्हणायचं असतं हे मी प्रेझेंटेशनमध्ये सांगितलं होतं, पण प्रेझेंटेशन चहाच्या आधीचं होतं, कोण ऐकतंय. आठवडाभर लॅबमध्ये एकच चर्चा, अबोलीने सगळ्यांचा डेटा लॉक करून ठेवलाय. एकाने तर आख्खा फोल्डर टार करून (एकाच फाइलमध्ये बांधून) सरांना पाठवला, सरांच्या मशीनवर उघडला तर आत नुसत्या तुटक्या लिंका. सर म्हणाले, एवढा लहान कसा काय झाला डेटा, छान कॉम्प्रेस केलास!

मग मी लेक्चर बंद केलं. एकेकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे, त्याच्याच मशीनवर, त्याच्याच डेटावर, आणि तीनच कमांड. सेव्ह म्हणजे बदल नोंदवायचा, पुश म्हणजे सर्व्हरवर पाठवायचा, गेट म्हणजे तिथून आणायचा. ब्रँच-बिंच काही नाही. सगळ्यात लवकर कोण शिकलं असेल तर स्कॅनरवरचे टेक्निशियन काका. त्यांचे सेव्हचे मेसेज मराठीत असायचे, "पेशंटने मान हलवली, दुसरा रन परत घेतला", "कॉइल बदलली, जुनी आवाज करत होती". पुढे पेपरच्या रिव्ह्यूअरने विचारलं की अमक्याचा रन दोनदा का घेतलाय, तेव्हा बाकी सगळे एकमेकांकडे बघत बसले आणि उत्तर काकांच्या लॉगमध्ये तयार.

तुमच्याकडे काय काय झालं, लिहा.

चिवडाप्रेमी
विम!!! बाकी काही लिहायची गरज आहे का

अबोली
नाही :)

चिवडाप्रेमी
तरी लिहितो. मेसेज न देता कमिट मारलं (म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवला) की विम नावाचा एडिटर उघडतो, पोरं बाहेर कसं यायचं कळेना म्हणून टर्मिनलच बंद करायची आणि सांगायची "सर केलं कमिट". कसलं कमिट. शेवटी सगळ्यांच्या मशीनवर एडिटर नॅनो करून दिला आणि व्हाइटबोर्डवर विममधून बाहेर कसं यायचं ते लिहिलं, एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. सफाईवाल्या मावशी तेवढं सोडून बाकी बोर्ड पुसतात, त्यांना कोणीतरी सांगितलंय म्हणे की हे पुसलं तर लॅब बंद पडेल.

खडूस_आजोबा
आमच्या वेळी पानांवर छापील नंबर असलेली वही असायची, पान फाडायचं नाही, खोडायचं तर एकच रेघ, रोज खाली तारीख नि गाइडची सही. तुम्ही जे सांगताय ते हेच ना? मग एवढं शिकवावं का लागतं?

सानिका_के
आजोबा, कारण वहीत एक्सेल नव्हतं. आमची जनुकांची यादी एक्सेलमध्ये. सेप्ट २ नावाचं जनुक टाइप केलं की एक्सेल त्याची २ सप्टेंबर करून टाकतं, मार्च १ ची १ मार्च. गंमत नाही हां, २०१६ मध्ये कोणीतरी छापील पेपरांच्या एक्सेल फाइली तपासल्या तर जनुकांच्या याद्या असलेल्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या पेपरांत ही भानगड सापडली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली, सेप्टचं सेप्टिन केलं. म्हणजे बघा, माणसाची जनुकं आधी बदलली, एक्सेलमध्ये हे बंद करायचा पर्याय आला तो पार २०२३ मध्ये.

तर आमच्याकडे मी एवढंच केलं, एक्सेलऐवजी सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, ठेवायला लावली. एक्सेलची फाइल गिटला आतून दिसत नाही, "बायनरी फाइल बदलली" एवढंच सांगतो. सीएसव्हीत ओळ न ओळ दिसते. एक दिवस आमच्या पोस्टडॉकने फाइल फक्त "उघडून बघितली" आणि सवयीने सेव्ह केली, आणि डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक दाखवतं ते) लाल-हिरव्या ओळीच ओळी, सगळ्या तारखा. तो म्हणे मी हातच लावला नाही. त्या दिवसापासून तो स्वतः दुसऱ्यांच्या मागे लागतो, कमिट केलंस का कमिट केलंस का. मला सुट्टी.

बोंडअळी
आम्ही शेतीवाले. अकोट भागात कपाशीत कामगंध सापळे लावलेत, गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे, फील्डवरची मुलं मोबाइलवर भरतात आणि संध्याकाळी रेंज आली की लॅपटॉपवर घेऊन पाठवतात. त्यांना टर्मिनल दाखवायचं धाडस मी केलं नाही, गिटहब डेस्कटॉप दिलं, दोन बटणं. पण मुलांनी फायलींना नावं मराठीत दिली, गावाचं नाव, शेतकऱ्याचं नाव, आणि मी माझ्या मशीनवर गिटचं स्टेटस बघितलं तर नावांच्या जागी ३४० २४४ असले आकडे नि तिरप्या रेघा. वाटलं फायली गेल्या. काही गेलं नव्हतं, गिटच्या सेटिंगमध्ये कोअर डॉट कोटपाथ फॉल्स केलं की देवनागरी नीट दिसतं. कुणाला लागलं तर घ्या.

दुसरं डोकं खाल्लं ते "प्लॉट१"ने. एकाने कॅपिटल पी, एकाने स्मॉल पी. लिनक्सला त्या दोन फायली, विंडोजला एकच. कोणाचे पतंग कोणाच्या शेतात गेले ते निस्तरताना कपाशी वेचून झाली.

आणि शेतकऱ्यांची नावं काढून टाकली नंतर, प्लॉट नंबरच ठेवले. ती उघड्यावर ठेवायची गोष्ट नाही.

डॉक्टरीण
नावांवरून. एका हॉस्पिटलबरोबर काम चालू होतं, नवीन इंटर्नने डायकॉम (म्हणजे स्कॅनच्या) फायली जशाच्या तशा पुश केल्या. डायकॉमच्या हेडरमध्ये पेशंटचं नाव, जन्मतारीख सगळं असतं. त्याला सांगितलं तर म्हणाला मॅडम लगेच डिलीट करून परत कमिट केलंय, काळजी नको. अरे बाळा! डिलीटचं कमिट म्हणजे आता नाही एवढंच, मागच्या कमिटमध्ये आहेच. मग फिल्टर-रेपो नावाचं टूल चालवून सगळा इतिहास नव्याने लिहिला, आणि प्रत्येकाला फोन करून सांगितलं, जुनी क्लोन (तुमच्याकडची प्रत) उडवा, नवीन घ्या, कारण एकाने जरी जुनीवरून पुश केलं तरी सगळं परत वर. रेपो (गिटमधला सगळा साठा) प्रायव्हेट होता आणि आतले पाच-सहा जणच होते हे नशीब. आता कमिटच्या आधी हुक, म्हणजे आपोआप होणारी तपासणी, लावलाय, हेडरमध्ये नाव दिसलं की अडवतो. इंटर्नला ओरडले नाही, त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

लेकीची_आई
मला यातलं ओ की ठो कळलं नाही पण टेक्निशियन काका फार आवडले. माझी लेक पीएचडी करते, तिच्या हार्डडिस्कवर तिने हळदीकुंकू लावलंय. खोटं नाही सांगत.

चिवडाप्रेमी
@लेकीची_आई, हळदीकुंकवाने डिस्क वाचत नाही हो, दुसरी प्रत ठेवायला सांगा. हळदीकुंकू दोन्हींना लावा.

राइनकाठी
इकडे जर्मनीत आहे, डेटालॅड बनवणाऱ्यांपैकी बरेच जण युलिश गावात, माझ्यापासून लांब नाही. त्यांचं हँडबुक फुकट आहे आणि खरंच माणसांसाठी लिहिलंय, नवीन माणसाला मी तेच देतो.

माझा प्रॉब्लेम विद्यार्थी नव्हते, साहेब होते. साहेबांना सगळं मेलवर हवं, अटॅचमेंट, विषय "लेटेस्ट". मी दोन वर्षं गिटचे फायदे सांगितले, शून्य. मग एकदा रेपो झेनोडोला जोडला. झेनोडो ही डेटा जपून ठेवायची जागा, सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची, २०१३ पासून, गिटहबवर रिलीज काढला की ते स्वतः प्रत घेऊन डीओआय (पेपरला असतो तसा कायमचा ओळख-क्रमांक) देतं. साहेबांनी स्वतःचं नाव डीओआयसकट बघितलं, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना प्रश्न, तुमचा डेटा कुठे आहे? अजून रेपोत का नाही? जणू कल्पना त्यांचीच. असू दे.

सानिका_के
हा साहेब आमच्याकडेपण आहे, वेगळ्या आडनावाने

पारिजात
२०२१ चा ऑगस्ट आठवतो का कोणाला? गिटहबने टर्मिनलवरून पासवर्ड घेणं बंद केलं, त्याऐवजी टोकन नाहीतर एसएसएच की, म्हणजे मशीनवर ठेवलेली ओळखीची किल्ली. मुश्किलीने शिकलेली सगळी माणसं एका सकाळी माझ्या टेबलाशी. "पासवर्ड बरोबर आहे तरी नाही म्हणतंय." अर्धे तेव्हाच परत पेनड्राइव्हवर गेले, त्यांना परत आणायला पूर्ण सेमिस्टर गेलं. माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशीच एसएसएच की करून द्यावी, स्वतः शेजारी बसून, बाकी शिकवणं नंतर. लोक गिटला कंटाळत नाहीत, लॉगिनला कंटाळतात.

बोंडअळी
रिकामा फोल्डर का जात नाही हे पण एकदा सांगा कोणीतरी, मुलं रोज विचारतात

पारिजात
गिट फोल्डर लक्षातच ठेवत नाही, फक्त फायली. आत कसलीही एक फाइल टाका, लोक गिटकीप नावाची टाकतात.

नवीन_पाखरू
पारिजात ताई, एक विचारू? माझा लॅपटॉप भरलाय, डेटालॅडमध्ये ड्रॉप केलं (म्हणजे लॅपटॉपवरची प्रत काढली) तर डेटा जाईल का? भीती वाटते म्हणून महिनाभर काहीच केलं नाहीये.

पारिजात
नाही जाणार. दुसरीकडे प्रत आहे का ते आधी तपासतं, खात्री पटली नाही तर सरळ नकार देतं. नकार आला तर रागावून जबरदस्तीचा पर्याय लावू नकोस, आधी सर्व्हरवर पुश कर, मग ड्रॉप. हवं तेव्हा गेट म्हटलं की परत येतं. एका छोट्या फाइलवर करून बघ आधी.

आणि मी ताई नाही, दादा आहे.