ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार संपले, आता दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन लागतो का? (बडोदे)

दांडियाबाजारकर: नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची. डावीकडची गाठ काढली, स्तन राखलाय, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या. किमो लागली नाही, रेडिएशन मार्चमध्ये संपलं. आता लेट्रोझोल, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी गोळी, पाच वर्षं. डॉक्टर म्हणाले, "तीन-चार महिन्यांनी दाखवा, वर्षाला मॅमोग्राफी." संपलं! समोरच्या बेन म्हणतात, त्यांच्या नणंदेचा दर सहा महिन्यांनी पेट, म्हणजे सगळ्या अंगात कॅन्सर शोधणारा स्कॅन, होतो. त्यात लॅबवाल्याचा फोन, कॅन्सर मार्करच्या रक्ततपासण्यांचं पॅकेज सवलतीत. बाबांचा जीव टांगणीला. शिवाय सकाळी आईची बोटं इतकी आखडतात की कणीक मळवत नाही, म्हणून तिनं गुपचूप गोळी एक दिवसाआड केलीय. कुणी यातून गेलंय का?

निवृत्त_सिस्टर: डॉक्टरांचं बरोबर आहे. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मॅमोग्राफी दोन्ही बाजूंची, पहिली रेडिएशननंतर निदान सहा महिने गेल्यावर. इटलीतल्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एका गटाचे ठरावीक अंतरानं छातीचे एक्स-रे, हाडांचे स्कॅन. दुसऱ्याची नुसती तपासणी आणि मॅमोग्राफी. जगण्यात फरक पडला नाही. त्या चाचण्यांत पेट नव्हता म्हणा, पण तक्रार नसताना पेट, सीटी किंवा सीए १५-३ ही मार्करची रक्ततपासणी नको, हाच सल्ला आजही आहे. आपल्याकडे पेटवर जुना टीबीसुद्धा चमकतो, मग बायोप्सी आणि घरभर रडारड.

मला काळजी वाटते ती गोळीची. खरी राखण तीच करते, एक दिवसाआड चालणार नाही. सांधे आखडणं हा या गोळीचा नेहमीचा त्रास. डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात, अॅनास्ट्रोझोल किंवा टॅमोक्सिफेन. नियमित चालण्यानंही बऱ्याच जणींना उतार पडतो. लेट्रोझोलनं हाडं ठिसूळ होतात, तेव्हा डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) झालीय का, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व चालू आहे का, हे विचाराच.

रावपुऱ्याची_मावशी: माझ्या काखेतल्या बऱ्याच ग्रंथी काढल्यात, त्यानं हात सुजू शकतो, म्हणून हातावर लक्ष. सूज मला आधी ब्लाउजच्या बाहीत कळली, एकच बाही दंडाला रुतायला लागली. फिजिओ शोधताना फोनवरच विचारा, "कॅन्सरनंतरच्या हातसुजेचं काम करता का?" गरम शेक देणारा नको. त्या हाताला कापलं, भाजलं आणि लाली चढली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आईंना कमी ग्रंथी काढल्या असतील तर धोका कमी, तरी भाजी चिरताना जपा. सकाळी कमाटीबागेत या म्हणावं, आमचा घोळका असतो. गप्पा जास्त, चाल कमी, पण येतात सगळ्या.

दांडियाबाजारकर: लाख आभार! पॅकेजवाल्याला नाही सांगितलं. बाबा अजून कुरकुरतायत. पुढची तारीख महिन्याभरानं आहे, गोळीचं तेव्हाच बोलू?

निवृत्त_सिस्टर: नको, आजच फोन करा. आणि बाबांना हे लिहून द्या: नवी गाठ, हाडात हटत नसलेलं दुखणं, धाप, न थांबणारा खोकला, कधी नव्हे अशी डोकेदुखी. यातलं काही झालं तर तारखेची वाट बघायची नाही, मग लागेल तो स्कॅन डॉक्टरच सांगतील. मॅमोग्राफीला जाताना जुन्या फिल्म्स न्या, नुसता रिपोर्ट नको. तुलना फिल्मशीच करतात.