सल्ला ऐकायचाच नाही तर पॅरिश कौन्सिल काबरं बसवता?

तापीकाठ:
आमच्या चर्चच्या हॉलची गोष्ट. पॅरिश कौन्सिल, म्हणजे फादरांना सल्ला देणारी भाविकांची समिती. तिच्यातल्या सगळ्यांनी फादरांना सांगितलं, टिनपत्रे टाकू नका. भुसावळकडचा मे, पारा ४५ला टेकतो. वर्षभर थांबू, पण स्लॅबच टाकू. फादर नवे, वसईकडचे. शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि पत्रे टाकले. यंदा उन्हाळ्यात दोन लग्नं झाली, दोन्ही भाड्याच्या मंगल कार्यालयात. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, ५३६व्या कलमात लिहिलंय की कौन्सिलचं मत फक्त सल्ल्यापुरतं. मग मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर आम्ही दोन-दोन तास बसतो ते कशासाठी?

जुना गार्ड:
भो, चर्च म्हणजे ग्रामपंचायत नाही. हात वर करून ठरवायला लागलो तर ज्याची भावकी मोठी त्याचा हॉल. बिशपांना उत्तर फादरांनाच द्यायचंय, तर शेवटचा शब्दही त्यांचाच. आणि सल्ला घेतला म्हणजे माणूस शहाणा झाला असंही नाही. बायबलमधल्या रहबाम राजानं तर दोनदा घेतला. म्हाताऱ्यांनी सांगितलं, लोकांवरचं जू हलकं कर. बरोबरीच्या पोरांनी सांगितलं, आणखी जड कर. त्यानं पोरांचं ऐकलं, इस्राएलचे दहा वंश हातचे गेले.

तापीकाठ:
गार्डसाहेब, ही तर माझीच बाजू झाली! इथं म्हातारे आम्ही होतो.

केळीवाला, यावल:
शेवटचा शब्द फादरांचा, मान्य. पण १२७वं कलम वाचा. वरिष्ठ सल्ल्याला बांधील नसतो, तरी सगळे एका मताचे असतील तर तसंच वजनदार कारण असल्याशिवाय त्यानं त्याविरुद्ध जाऊ नये.

जुना गार्ड:
जिथं विचारणं कायद्यानं सक्तीचं, तिथलं कलम ते. ओढूनताणून हॉलला लावू नका.

केळीवाला, यावल:
बरं, नाही लावत. पण मध्ययुगातले धर्मपंडित संत थॉमस अक्विनासनं शिकून घ्यायची तयारी हा शहाणपणाचाच भाग मानलाय, आणि मोठ्यांनाही त्यातून सूट दिलेली नाही. वसईच्या माणसानं भुसावळचं ऊन भुसावळकरांकडूनच शिकायचं ना?

नंदुरबारची ताई:
संत बेनेडिक्टनं मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीतलं तिसरं प्रकरण बघा. महत्त्वाचं काम निघालं की मठाधिपतीनं सगळ्यांना बोलवावं, कारण पुष्कळदा देव धाकट्यालाच नीट सुचवतो. निर्णय मात्र मठाधिपतीचा. तुमच्या बैठकीत बायका किती होत्या हो भाऊ? त्या पत्र्याखाली चुलीपुढं उभं कोण राहणार होतं?

तापीकाठ:
दोन होत्या. काही बोलल्या नाहीत.

नंदुरबारची ताई:
विचारलं होतं का?

जुना गार्ड:
आणि स्लॅबचे पैसे कुठून येणार होते तेही सांगा. अर्थ समिती प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, सक्तीची आहे, कलम ५३७. फादरांनी तिला विचारलं की नाही?

तापीकाठ:
विचारलं. मीच आहे त्या समितीत. त्या दिवशी चोपड्याला हळदीला गेलो होतो.