अनुभव धागा: अल्गोडूत तुम्ही काय बांधलंत, काय सुधारलंत?

खाजनवाट
काल चोडणला मानशीचं, म्हणजे नदीच्या बांधातल्या पाणदाराचं, दार बदलताना बघितलं आणि कॉलेजातलं अल्गोडू आठवलं. स्क्रीनवर वस्तू काढायच्या आणि त्या खऱ्यासारख्या पडतात, आपटतात, ते सॉफ्टवेअर. मी घेतलं तेव्हा त्याचं नाव 'फुन' होतं. स्वीडनच्या उमेओ विद्यापीठात एमिल अर्नेरफेल्टने २००८ साली प्रबंधासाठी केलेलं. माझा जीव मानशीवर. भरतीला नदीचं पाणी दार दाबून मिटवतं, ओहोटीला खाजनातलं (बांधाआतल्या सखल शेतातलं) पाणी ते ढकलून बाहेर पडतं. वीज लागत नाही. वर बिजागरी, खाली उंबरठा, दोन्ही बाजूंना पाणी, एवढंच काढलं. लाकूड निवडलं तर दार तरंगून आडवं, भरतीला नीट मिटेना. पोलाद घेतलं तर ओहोटीला जेमतेम फट. शेवटी घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त ठेवली, घर्षण शून्यावर आणलं, आणि पातळीत बोटभर फरक पडला तरी दार हलायला लागलं! जुन्या लोकांनी हे कॉम्प्युटरशिवाय जमवलं होतं, याचं मोल मला तेव्हा कळलं. तुमचंही लिहा.

माशेलची
दिवाळीच्या पहाटे जाळायचा नरकासुराचा पुतळा!! भाच्याने तलवारीचा हात आधी अल्गोडूत केला. मोटरचा टॉर्क (फिरवायचा जोर) भरमसाट ठेवला की वाट्टेल ते फिरतं, म्हणून त्याला म्हटलं, वायपरच्या मोटरला झेपेल तेवढाच आकडा घाल. घातला आणि हात अर्ध्यावर अडकला. मग खांद्याच्या मागे उलटं वजन लावलं, तेवढ्याच मोटरवर हात सरळ वर. खरा नरकासुर तस्साच बांधला. पहाटे जाळेपर्यंत हात चालू होता. पोरगं रात्रभर जागं. आता चवथीच्या देखाव्यासाठी कायतरी चाललंय त्याचं, मला दाखवत नाही. कुकर झाला, येते मागीर.

रायबंदर
@खाजनवाट चोडणला होता तर मानशीवरची सुंगटां (कोळंबी) मिळाली काय?

खाजनवाट
मिळाली. घरी पोचेपर्यंत हुमणाचा (आमटीचा) बेत ठरलेला :)

सांखळी_मास्तर
नववीला गती शिकवताना वापरतो. चेंडूला ट्रेसर (वाटेची रेघ काढणारा) लावायचा, हवेचा विरोध बंद, मग चालू. दोन्ही रेघा शेजारी दिसल्या की मुलं गप्प होतात, मग सगळी एकदम बोलायला लागतात. गुरुत्व ९.८ वरून १.६ केलं की चंद्र! मागच्या बाकावरची एक मुलगी एरवी तोंड उघडत नाही, तिने विचारलं, "सर, शून्य करू?" त्या दिवशी मधली सुट्टी तिथेच गेली.

पेडण्याचो
फोनवर मिळतं का?

सांखळी_मास्तर
अँड्रॉइडवर नाही. विंडोज, मॅक, आयपॅड. कॉम्प्युटरवर फुकट आहे.

झुआरीपार
२०२२ ला सुरू झालेल्या नव्या झुआरी पुलावरून रोज ये-जा, म्हणून तोच बांधला. मनोऱ्यांना केबलने टांगलेला पूल तो. केबलच्या जागी स्प्रिंग. मनोरा सारखा नदीकडे झुकायचा. मागच्या बाजूलाही तेवढ्याच केबल दिल्या तेव्हा ताठ उभा राहिला. मनोऱ्यापासून लांबच्या केबल इतक्या तिरक्या जातात की वर ओढायला त्यांचा जोर कमी पडतो. सगळ्यांना सारखा ताठपणा दिला तर रस्ता टोकाला लवतो. लांबच्या जास्त ताठ केल्या, मग वरून ट्रक सोडले. आता पुलावर बस अडकली की मी केबलच बघत बसते.

फोंडेकर
पाणी ओतलं की आमचा जुना कॉम्प्युटर रांगायचा. पाणी म्हणजे सगळे सुटे कणच, प्रत्येकाचा हिशेब. कण मोठे केले की संख्या कमी होते, बरंच सुधारतं. @माशेलची भाच्याला सांग, एवढ्या लहान वयात उलटं वजन सुचणं मोठी गोष्ट आहे. शाब्बास म्हण त्याला.

माशेलची
सांगितलं, लाजला. विचारतोय, देखाव्यात उंदीर मोदकाच्या ताटामागून जायला हवा, पण ताटाला आपटतो. काय करू?

फोंडेकर
दोघांचे टक्कर-थर वेगळे करायला सांग, एकाच थरातल्या वस्तूच एकमेकांना आपटतात. उंदीर ए, ताट बी. जमिनीला दोन्ही टिक कर, नाहीतर एकजण खाली पडत जाईल.