प्रति: टेस्ट निगेटिव्ह आली, आता काय?

वर लिहिलंय की वडिलांना सीएलएल (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) आहे, कोविडची पहिली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून सगळे गप्प बसलेत. बसू नका! इंग्लंडमध्ये एनएचएसचाच (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचाच) सल्ला आहे: लक्षणं असतील तर पुढचे २ दिवसही टेस्ट करा, म्हणजे ३ दिवसांत ३. किट पात्र रुग्णांना फार्मसीत फुकट मिळतात. आजारी पडायच्या आधीच आणून ठेवा. पॉझिटिव्ह आली की लगेच जीपीला (फॅमिली डॉक्टरला) किंवा १११ या एनएचएस हेल्पलाइनला फोन करा. पॅक्सलोविड हे कोविडवरचं औषध लक्षणं दिसल्यापासून ५ दिवसांत सुरू व्हावं लागतं आणि त्यात शनिवार-रविवार आला की संपलंच. इब्रुटिनिब (सीएलएलवरचं औषध) चालू असेल तर आधी सांगा. पॅक्सलोविडमधल्या रिटोनाविर या घटकामुळे इब्रुटिनिबचं रक्तातलं प्रमाण खूप वाढतं. आमच्या फोनवरच्या डॉक्टरांनी हे विचारलंच नव्हतं, आईनेच औषधांची यादी वाचून दाखवली.