जर्मनीतलं शिक्षण संपवून परतल्यावर खरी उणीव कशाची भासेल? माझं मत: रविवारची

नेकारकाठ (धागाकर्ता)

जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र 31 मार्चला संपतं, उन्हाळी 30 सप्टेंबरला. त्या सुमारास पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्या मुलामुलींच्या गप्पांत एकच विषय असतो: काय न्यायचं, काय ठेवायचं, आणि तिकडे गेल्यावर कशाची आठवण येणार. पाव, चीज, सायकल, नाताळचे बाजार ही नावं हमखास येतात. माझं म्हणणं असं की वस्तूंची हुरहुर दोन-तीन महिन्यांत ओसरते. मागे राहते ती रविवारची उणीव.

1919 च्या वायमार राज्यघटनेच्या 139व्या कलमाने रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण दिलं. 1949 च्या राज्यघटनेने आपल्या 140व्या कलमातून ते तसंच चालू ठेवलं. व्यवहारात याचा अर्थ असा: सुपरमार्केट बंद, कपड्यांची दुकानं बंद. बेकरी सकाळी काही तास, स्टेशनातली दुकानं, पेट्रोल पंप आणि पाळीवरचं औषधाचं दुकान, एवढंच उघडं. भिंतीत ड्रिल मारायचं नाही. रस्त्याकडेला काचेच्या बाटल्या टाकायचे मोठे डबे असतात, त्यांच्यावरही वेळा छापलेल्या असतात आणि रविवार वगळलेला असतो, कारण बाटली आत पडून फुटली की आवाज होतो.

महाराष्ट्रात 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवता येतात. कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळते, पण पाळीने. नवऱ्याची मंगळवारी, बायकोची गुरुवारी, मुलांची रविवारी. सुट्टी असणं आणि सगळ्यांना एकाच दिवशी असणं, यातला फरक परतल्यावरच कळतो. आणि ही गोष्ट 23 किलोच्या बॅगेत भरून आणता येत नाही.

पेठेतला

सपशेल असहमत. या रविवारनेच नवीन मुलांचे सर्वाधिक हाल होतात. शनिवारी रात्री उतरायचं, खोलीत ना मीठ ना तेल, आणि सोमवार सकाळपर्यंत स्टेशनवरच्या दुकानात चढ्या भावाने पाणी घ्यायचं. नोव्हेंबर ते जानेवारीत साडेचार-पाचला अंधार पडतो. ज्यांचं तिथे कुटुंब आहे त्यांना हा दिवस शांत वाटतो. एकट्या विद्यार्थ्याला तो खायला उठतो. त्याची आठवण कोण कशाला काढेल?

तुम्हाला उणीव भासणार आहे ती विद्यार्थी असण्याची, आणि ती जर्मनीत राहिलात तरी भासेलच. हिशेब बघा. विद्यापीठातून नाव कमी झालं की मेन्झात, म्हणजे कॅन्टीनमध्ये, तुम्ही विद्यार्थ्याच्या दरातून पाहुण्यांच्या दरात जाता. ताट तेच, किंमत वेगळी. जिथे विद्यापीठाचा करार आहे तिथे देशभर चालणारं मासिक तिकीट विद्यार्थ्याला साठ टक्के किमतीत मिळतं: 2025 मध्ये 58 युरोऐवजी 34.80. सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर साधारणपणे तिशीपर्यंतच. यातलं एकही कारण जर्मन रविवार नाही. ही सवलत आहे, आणि सवलतीची मुदत संपते. लोक पंचविशी मागे पडल्याचं दुःख देशाच्या नावावर टाकतात.

नेकारकाठ

सवलतीचा मुद्दा बरोबर, पण अर्धा. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला 1,500 युरो शुल्क आहे. तिथली मुलंही परतल्यावर त्याच गोष्टी सांगतात. आणि नव्याची पहिली अडचण म्हणजे त्या दिवसाचं मोल नव्हे. शनिवारी संध्याकाळपर्यंत किराणा भरायचा ही सवय महिन्याभरात लागते. एकटेपणाचं मात्र मान्य करतो, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

भाकरी_ते_ब्रोट

धागाकर्त्याने पावाला दोन-तीन महिन्यांत निकालात काढलं, म्हणून लिहितेय. 2014 मध्ये जर्मनीने आपली पाव-संस्कृती अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातली, ते उगीच नाही. ही हुरहुर ओसरत नाही, लोक हरतात. पुण्यात एकदा-दोनदा करून बघतात, गिच्च गोळा निघतो आणि 'इथल्या हवेत जमत नाही' म्हणून सोडून देतात. हवेत जमतं. चुकतं ते वेगळंच.

राय (मोहरी नव्हे, धान्य) गव्हासारखी ताणत नाही. त्यात ग्लुटेनची जाळी बनतच नाही, पाणी धरून ठेवतात ते पेंटोसान नावाचे घटक. शिवाय राईच्या पिठातलं अमायलेज नावाचं विकर भट्टीत पाव तापताना स्टार्च तोडत राहतं, त्यामुळे आतला भाग चिकट होतो. आंबट विरजण (दह्याचं नव्हे, पीठ-पाणी आंबवून केलेलं) लागतं ते या अमायलेजला आवरण्यासाठी. चव हा वरचा फायदा. म्हणून नुसत्या यीस्टवर राईचा पाव करू नका.

एका पावाचं प्रमाण: राय पीठ 300 ग्रॅम, मैदा 200, मीठ 10, पाणी एकूण 350 ते 370. आदल्या रात्री 150 ग्रॅम राय, 150 पाणी आणि 15 ग्रॅम जुनं विरजण कालवून झाकून ठेवायचं. 27-28 अंशांना 12 तास लागतात. एप्रिलमध्ये पुण्यात आठ तासांतच ते फुगून खाली बसतं, तेव्हा विरजण 15 ऐवजी 7-8 ग्रॅम घ्या आणि पाणी फ्रीजमधलं वापरा. इडलीचं पीठ उन्हाळ्यात लवकर येतं, तोच न्याय. सकाळी उरलेलं सगळं घालून पाच-सहा मिनिटं फक्त कालवायचं. कणकेसारखं तिंबत बसू नका, जाळीच नाही तर तिंबून काय मिळणार? अर्धा तास विश्रांती, मग ओल्या हातांनी साच्यात. वरून कोरडं पीठ भुरभुरवा; त्या पिठाला जमिनीसारख्या भेगा पडल्या की भट्टीत घालायची वेळ झाली.

240 अंशांवर 15 मिनिटं वाफेत, मग 200 वर 40 मिनिटं. घरातला छोटा ओटीजी दार उघडताच एकदम थंड पडतो, हे अपयशाचं दुसरं मोठं कारण. जाड लोखंडी तवा आत ठेवून अर्धा तास आधीपासून तापवा. पावाच्या पोटात थर्मामीटर 96 ते 98 दाखवायला हवा. आणि 12 तास कापायचा नाही, सुती फडक्यात गुंडाळून ठेवायचा. गरम पाव कापला की गिच्चच लागतो, आणि नेमकं तेव्हाच लोक ठरवतात की जमलं नाही.

पेठेतला

पाव घरी होतो म्हणजे उणीव भरून निघते, हा तर माझाच मुद्दा झाला. जे करता येतं त्याचा शोक कशाला?

भाकरी_ते_ब्रोट

करता येतं, पण राय पीठ इथे ऑनलाइन मागवावं लागतं आणि गव्हाच्या कितीतरी पट महाग पडतं. तिकडे तो कोपऱ्यावरच्या दुकानातला रोजचा पाव आहे, इथे तो शनिवार-रविवारचा छंद होतो. रोजचेपण गेलं, हीच उणीव.

स्वतःची_किल्ली

वर तिघांनी दिवस, सवलत आणि पाव यांवर लिहिलं. परतणाऱ्या मुलींच्या बाबतीत यातलं काहीच पहिलं येत नाही. पहिली येते लेटरबॉक्सवरची पट्टी.

जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतो. घंटीवर आणि लेटरबॉक्सवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, परदेशी नागरिक कार्यालयाचं पत्र, सगळं त्या पट्टीवर अवलंबून. त्यामुळे चार जणांच्या सामायिक घरात खोली घेतली तरी पहिल्या दिवशी चौघांची नावं लावावी लागतात. बावीस वर्षांच्या मुलीचं नाव वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाखाली न येता दारावर लागतं, आणि ते लावायचं की नाही ही चर्चाच होत नाही. सोबत किल्ली मिळते. रात्री अकराच्या बसने आल्यावर कुणाला उत्तर द्यायचं नसतं. पुण्यात पीजीचं फाटक दहाला बंद होतं, वॉचमनच्या वहीत वेळ लिहावी लागते, आणि स्वतंत्र फ्लॅट घ्यायचा तर लग्न झालंय का, घरी कोण येणार हे आधी सांगावं लागतं. स्टेशनांजवळचे काही भाग तिकडेही रात्री टाळावे लागतात, ते नाकारत नाही. पण ती काळजी मुलीची स्वतःची असते, तिच्यावर बसवलेला पहारा नसतो.

पेठेतला, तुमचं 'सवलत' हे स्पष्टीकरण इथे लागू करून दाखवा. हे कुठल्या सत्र शुल्कात येतं?

जाता जाता किल्लीबद्दल कामाचं. बऱ्याच इमारतींत एकच किल्ली मुख्य दार, तळघर आणि फ्लॅट तिन्ही उघडते. ती हरवली तर कधी कधी सगळ्या कुलपांचा संच बदलावा लागतो आणि खर्च भाडेकरूच्या माथी येतो. सोडताना किती किल्ल्या परत दिल्या हे हस्तांतरणाच्या कागदावर आकड्यात लिहून सही घ्या. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी (हीटिंग वगैरे खर्च वगळून) असू शकते. ती अडकते ती बहुतेक वेळा याच कागदाच्या अभावी.

पेठेतला

ते सवलतीत येत नाही. मुद्दा मान्य, माझं विधान फार सरसकट होतं.

संदर्भ_विभाग

वेगळी उणीव मांडतो, कारण हिची तारीख आधीच माहीत असते तरी तयारी कुणी करत नाही: ग्रंथालय.

तिथल्या बहुतेक विद्यापीठांत मांडण्या खुल्या. चिठ्ठी भरून खिडकीशी थांबायचं नाही. स्वतः फिरायचं, हवं ते पुस्तक काढायचं आणि त्याच्या शेजारचं, ज्याचं नावही माहीत नव्हतं, तेही बघायचं. पुस्तक आपल्याकडे नसेल तर आंतरग्रंथालय सेवेने साधारण दीड युरोत दुसऱ्या शहरातून येतं. आणि घरबसल्या नियतकालिकं उघडतात. नाव कमी झालं की हा प्रवेश थांबतो, विद्यापीठाचा ईमेलही काही काळाने बंद पडतो.

म्हणून शेवटच्या महिन्यात एवढं करा. त्या ईमेलवर उघडलेली सगळी खाती खाजगी पत्त्यावर वळवा. संशोधक ओळख क्रमांक आणि संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर आधी, कारण पासवर्ड बदलायचा दुवा बंद पेटीत गेला तर खातं हातचं जातं. आपल्या प्रवेशवर्षाची अभ्यासक्रम पुस्तिका, म्हणजे मोडूलहांडबुख, उतरवून ठेवा. भारतात समकक्षता प्रमाणपत्र मागताना विषयवार तपशील लागला तर ती उपयोगी पडते. संकेतस्थळावर बहुधा नवीनच आवृत्ती सापडते आणि तिच्यातले विषय तुमच्या गुणपत्रिकेशी जुळत नाहीत.

नेकारकाठ

हे तर आता भारतातही मिळतं ना? 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू आहे. 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं.

संदर्भ_विभाग

योजना चांगलीच आहे. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद आहे. पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी सुरू झाली. खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायला लागलेल्याला किंवा कंपनीत गेलेल्याला तिचा उपयोग नाही, आणि परतणारे बहुतेक जण याच दोन ठिकाणी जातात. शिवाय नियतकालिकं म्हणजे मांडणी नव्हे. पुण्यात जयकर ग्रंथालय आहे, गोखले संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आहे. सभासदत्वाचे नियम विचारून घ्या, परतल्यावर पहिल्या आठवड्यातच.

पेठेतला

धागाकर्त्याच्या रविवारकडे परत येतो, कारण त्याचा काही भाग इथे आणता येतो. गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठराव करा: तोडफोड आणि ड्रिलचं काम सोमवार ते शनिवार, ठरलेल्या वेळेतच. फ्लॅटच्या दुरुस्तीची परवानगी देताना तीच अट अर्जावर छापा आणि अनामत घ्या. वेळ मोडली तर त्यातून कापा. नुसती नोटीस फलकावर लावली तर ठेकेदार ती वाचत नाही. अनामत असली की फ्लॅटमालकच त्याला थांबवतो.

नेकारकाठ

हे करण्यासारखं आहे, आमच्या संस्थेत मांडतो. पण ठरावाने ड्रिल थांबेल. गेटवर दहा मिनिटांत कोथिंबीर घेऊन आलेला मुलगा रविवारीही उभा असेल आणि मागवणारे आपणच असू. एकाच दिवशी सगळ्यांनी थांबायचं हे संस्थेच्या ठरावात बसत नाही, म्हणून मी माझ्या मतावर कायम आहे.

स्वतःची_किल्ली

निघणाऱ्यांसाठी एक राहिलं. शहर कार्यालयातली नोंद रद्द करणं, म्हणजे आबमेल्डुंग, घर सोडण्याआधी एक आठवड्यापासून ते सोडल्यावर दोन आठवड्यांपर्यंत करता येतं. पावती जपून ठेवा. घरामागे महिना 18.36 युरोची रेडिओ-टीव्हीची प्रसारण वर्गणी तुमच्या नावावर असेल तर ती आपोआप बंद होत नाही, वेगळी रद्द करावी लागते आणि तिथे हीच पावती मागतात. विद्यार्थी सवलत नसलेलं मासिक तिकीट त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

पेठेतला

भाकरी_ते_ब्रोट, मैद्याऐवजी चक्कीचा आटा घातला तर पाणी तेवढंच?

भाकरी_ते_ब्रोट

नाही, 30 ते 40 ग्रॅम वाढवा. चक्कीत दळताना स्टार्चचे कण फुटतात आणि जास्त पाणी पितात. पीठ चमच्याने उचलल्यावर जाडसर चिखलासारखं सुटलं पाहिजे. लाटता येईल इतकं घट्ट वाटलं तर पाणी कमी पडलंय.