घरचं माणूस हरवलं तेव्हा तुम्ही काय केलंत?

मंडळी, गेल्या महिन्यात ओळखीतले एक आजोबा सकाळी फिरायला गेले ते सात तास परतलेच नाहीत. सापडले, सुखरूप आहेत. पण त्या सात तासांत घरातले सगळे बाहेर धावत होते आणि जी एकटी घरी थांबली होती, तिचा फोन सायलेंटवर! म्हणून हा धागा. 'पोलिसांत जा' हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही स्वतः काय केलंत आणि काय करायचं राहून गेलं, ते लिहा. नावं आणि नंबर मात्र टाकू नका.

एक मुलगी
बाबांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. दुपारी दाराची कडी काढलेली दिसली आणि मी तडक स्कूटर काढली. तीन तास रस्ते पालथे घातले. बाबा आमच्याच इमारतीत, जिन्याखालच्या अडगळीत जुन्या गादीवर बसले होते. मी त्यांच्यावरून दोनदा हाका मारत गेले होते. या आजारात माणूस बऱ्याचदा हाकेला ओ देत नाही, कारण आपण हरवलोय हेच त्याच्या गावी नसतं. त्यामुळे आधी घर: कपाटं, पलंगाखाली, गच्ची, उभ्या गाड्या.

नंतर ब्रिटनमधल्या हर्बर्ट प्रोटोकॉलबद्दल कळलं. जॉर्ज हर्बर्ट हे नॉर्मंडीच्या लढाईतले सैनिक. म्हातारपणी डिमेन्शियात लहानपणचं घर शोधायला निघाले आणि त्यातच गेले. त्यांच्या नावाचा एक फॉर्म असतो, तो घरच्यांनी आधीच भरून ठेवायचा: औषधं, राहिलेल्या जुन्या जागा, नोकरीचं ठिकाण, नेहमीच्या वाटा, ताजा फोटो. मी साध्या वहीत तेच लिहून फ्रिजवर ठेवलंय. बाबा पुन्हा गेले तेव्हा त्यातल्या जुन्या ऑफिसच्या रस्त्यावरच मिळाले.

एक भाऊ
धाकटा एकोणीस वर्षांचा, भांडून गेला. आमचा पहिला अख्खा दिवस 'बाहेर कळायला नको' यात गेला. वर चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत अशी पक्की समजूत. चूक आहे ती, लगेच जा आणि तक्रारीची प्रत मागून घ्या.

आम्ही आणखी दोन घोळ घातले. सगळे आळीपाळीने त्याला फोन लावत बसलो. बॅटरी बहुतेक आम्हीच संपवली. आणि आईने, हाताला काम हवं म्हणून, त्याची खोली आवरून चादरी-अभ्रे धुवायला टाकले. दुसऱ्या दिवशी श्वानपथकाला त्याचा न धुतलेला कपडा हवा होता. एकच काम बरं झालं, मोबाईलचा खोका सापडला. त्यावर त्या फोनची ओळख सांगणारा १५ आकडी आयएमईआय नंबर असतो, तो पोलिसांना लागतो. कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मात्र आम्ही पोचेपर्यंत पुसलं गेलं होतं. जुन्यावर नवं चढत जातं, तेव्हा ते पहिल्याच दिवशी जपून ठेवायला सांगा.

नवव्या दिवशी पोलीस म्हणाले, सुखरूप आहे, सज्ञान आहे, पत्ता देणार नाही. आईला ते ऐकवताना फार जड गेलं.

मुलाचे वडील
पत्रकावर अंगावरच्या सगळ्या खुणा लिहू नका. 'मुलगा आमच्याकडे आहे, पैसे पाठवा' असे आम्हाला चार फोन आले. "डाव्या गुडघ्यावर काय आहे?" एवढं विचारलं की समोरचा ठेवून द्यायचा. पत्रकासाठी सिमकार्ड वेगळं घ्या. आणि मूल स्वमग्न (ऑटिझम असलेलं) असेल तर पहिल्यांदा पाण्याकडे धावा: तळं, विहीर, टाकी. बाकी सगळं नंतर.

पत्नी
अकरा वर्षं झाली. फॉर्मवर 'हयात' आणि 'मयत' असे दोनच रकाने असतात, मी पेन घेऊन बसून राहते. बऱ्याच देशांत सात वर्षांनी न्यायालयातून मृत्यू गृहीत धरून घेता येतो. सासूबाईंना नको होतं, मलाही. पण बँकेची कामं अडली, शेवटी अर्ज केला. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक अशा दुःखाला 'अनिश्चित वियोग' अशा अर्थाचं नाव देतात. नाव आहे हे कळल्यावर जरा हायसं वाटलं, का ते सांगता येत नाही. नवऱ्याचा ब्रश आणि कंगवा कागदी पाकिटात ठेवलाय, डीएनएसाठी. सासूबाईंचा नमुना त्या धडधाकट असतानाच देऊन ठेवला.

हरवलेला
मी तिकडच्या बाजूचा. तीन वर्षांपूर्वी घरातून गेलो होतो, पाच दिवसांत परत आलो. फोटो अजून फिरतोय, कारण मेसेजवर तारीखच नव्हती आणि 'सापडला' हा मेसेज कोणी पुढे ढकलला नाही. परवा बसमध्ये एका काकूंनी माझं मनगट धरलं. आईला व्हिडिओ कॉल लावून तिचा चेहरा दाखवला तेव्हाच सोडलं. वर आईलाच ओरडल्या, "आधी तो फोटो काढून टाका!"