सुट्टीत पर्यावरण न्यायाचे काम करणाऱ्या संस्थेत जायचे आहे. सहा आठवड्यांत त्यांच्या उपयोगी कसे पडावे?

प्रश्न
मुठेकाठची

सर्वांना नमस्कार. मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्राच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आम्हाला चार श्रेयांकांचे, म्हणजे १२० तासांचे कार्यप्रशिक्षण करावे लागते. बोलताना सगळे त्याला ओजेटीच म्हणतात. वर्गातील बहुतेकांनी कार्यालयांमध्ये जागा शोधल्या आहेत. मला आणि माझ्या दोन मैत्रिणींना मात्र कचरा, नदी किंवा वस्त्यांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एखाद्या स्थानिक संस्थेबरोबर हे तास घालवायचे आहेत.

पर्यावरण न्याय, म्हणजे प्रदूषणाचा भार गरीब आणि वंचित वस्त्यांवरच टाकला जाऊ नये, ही कल्पना आम्ही शिकलो ती अमेरिकेतील उदाहरणावरून. नॉर्थ कॅरोलायनातील वॉरन परगण्यात बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची होती. पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरण्यासाठी तीच जागा निवडली गेली, तेव्हा १९८२ मध्ये लोक ट्रकपुढे आडवे झाले आणि ५०० हून अधिक जणांना अटक झाली. हे वाचताना मला सारखे फुरसुंगी आठवत राहिले, कारण माझे आजोळ तिथलेच. १९९० च्या दशकापासून पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत येऊन पडत राहिला, विहिरी नासल्या, पाण्यासाठी टँकर लागू लागले आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अनेकदा अडवल्या. आम्ही मुले सुट्टीत गेलो की मामी ऊन उतरायच्या आत खिडक्या लावून घ्यायची आणि पिण्याच्या पाण्याचा हंडा निराळा ठेवून त्याला हात लावू द्यायची नाही. त्या हंड्यामागे एवढे मोठे कारण आहे, हे मला वर्गात बसल्यावर कळले.

आम्ही कचरावेचक महिलांचे आरोग्य आणि उत्पन्न या विषयावर साठ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली असून आमच्या मार्गदर्शक मॅडमनी ती मान्य केली आहे. एका संस्थेला ईमेल पाठवून पंधरा दिवस झाले, पण उत्तर आलेले नाही. संस्थेला नेमके कसे विचारावे, आमची प्रश्नावली उपयोगी आहे का आणि एवढ्या थोड्या दिवसांत आमचा त्यांना भारच होईल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे. प्रवासखर्च किंवा मानधन मागणे योग्य आहे का, हेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद १
जुनी रद्दी

मी शहरातील एका कष्टकरी संघटनेच्या कार्यालयात बारा वर्षे काम करतो आहे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे विद्यार्थी येतात आणि त्यांच्या येण्याचा मला आनंदच होतो. तरीही तुमच्या प्रश्नावलीबद्दल स्पष्ट लिहितो.

तीन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या चार मुली अशीच प्रश्नावली घेऊन आल्या होत्या. सकाळी अकराची वेळ होती. आमच्या एक मावशी तीनशे घरांचा कचरा उचलून पत्र्याच्या शेडमध्ये नुकत्याच टेकल्या होत्या. समोर ओतलेल्या ढिगातून त्या पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या आणि काच वेगळी करत होत्या आणि हात एक क्षणही थांबत नव्हते. मुलीने विचारले, महिन्याला किती मिळतात? मावशींनी मान वर न करता उत्तर दिले, "गेल्या वर्षीच्या पोरींना सांगितलंय, त्यांच्याकडनं घ्या." त्या चिडल्या नव्हत्या. आपण दिलेली माहिती कुठेतरी जपून ठेवलेली असणार आणि मागितली की मिळणार, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आधीच्या गटाचा अहवाल आमच्याकडे कधी आलाच नव्हता, हे मला त्यांना सांगावे लागले. तो प्रसंग मला आजही बोचतो.

विद्यापीठ आणि वस्ती यांचे नाते असेच असायला हवे असे नाही, आणि याचा दाखला पुण्यातच आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामात अध्यापिका कचरावेचक स्त्रियांपर्यंत पोहोचल्या आणि त्यांच्या बरोबरीने फिरता फिरता खरी अडचण त्यांच्या लक्षात आली. या बायकांना हवा होता चांगला, वेगळा केलेला कचरा आणि चोर म्हणून हटकले न जाण्याचा हक्क. त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे २००७ मध्ये कचरावेचकांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था नोंदली गेली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी दारोदार कचरा उचलण्याचा करार झाला. अध्यापिका आपला अभ्यासक्रम घेऊन गेल्या होत्या, परंतु तो बाजूला ठेवण्याची तयारी त्यांनी दाखवली, म्हणून हे घडले, असे मी मानतो.

तुम्हीही तसेच करा. ईमेलची वाट पाहू नका. आमच्यासारख्या कार्यालयात तो उघडायलाही कोणी मोकळे नसते. फोन करून वेळ घ्या, प्रत्यक्ष या, आणि "आमच्याकडे तिघींचे प्रत्येकी १२० तास आहेत, तुमचे कोणते काम रखडले आहे?" एवढेच विचारा. रखडलेली कामे पुष्कळ असतात. सभासदांच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात, विम्याच्या दाव्यांचे कागद लावायचे असतात, बैठकांची इतिवृत्ते हस्ताक्षरात पडून असतात. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची तरतूद आहे, पण ती सोप्या मराठीत एका पानावर लिहून सोसायट्यांच्या सचिवांना वाचून दाखवायला आमच्याकडे माणूस नाही. असे काम तुमच्या अहवालात फारसे उठून दिसणार नाही. आम्हाला मात्र ते वर्षभर पुरते.

प्रतिसाद २
तिसरी पायरी

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे आणि विद्यार्थी म्हणून आलेला माझा अनुभव त्याला जोडतो.

मी पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात असताना नदीकाठच्या एका वस्तीत काम करणाऱ्या गटाबरोबर मे महिना काढला. त्यापूर्वी २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसर बुडाला, तेव्हा त्याची बातमी सर्वत्र झाली. आमच्या वस्तीतही पाणी आले होते, पण किती आले याची नोंद कोणाकडे नव्हती. नकाशावर निळी पूररेषा असते, ती साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन रेषांवरून पुढे कोणाला हलवायचे याची चर्चा होते, म्हणून पाणी प्रत्यक्षात कुठवर चढले हे वस्तीने स्वतः मांडणे फार महत्त्वाचे ठरते.

आम्ही मोजपट्टी आणि तेलरंगाचा डबा घेऊन घरोघर गेलो. एका आजींनी भिंतीवरचा डाग दाखवला नाही. त्यांनी थेट फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि सांगितले की रेशनकार्ड व नातवंडांचे दाखले त्यात होते, पाणी डब्याच्या बुडाला लागले आणि थांबले. आम्ही फळीची उंची मोजली. उंबऱ्यापासून ती चार फूट सात इंच भरली. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक घरी कागदपत्रे कुठे ठेवली होती हे आधी विचारू लागलो, आणि आकडे अधिक नेमके मिळू लागले. जून लागण्यापूर्वी सगळ्या खुणा रंगवून झाल्या आणि त्यांची यादी वस्तीच्या मंडळाच्या वहीत उतरवून दिली. महाविद्यालयाला मी त्या वहीचीच छायाप्रत जोडली.

एक व्यावहारिक गोष्ट सांगतो, कारण त्यात माझी चूक झाली. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असेल तर तो पहिल्याच आठवड्यात करा. शुल्क केवळ १० रुपये आहे, पण उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत दिलेली आहे. मी तिसऱ्या आठवड्यात अर्ज टाकला आणि उत्तर आले तेव्हा मी गावी होतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे तो लिहिण्यात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ जातो. अर्ज शक्यतो वस्तीतील एखाद्या व्यक्तीच्या नावाने, तिच्या संमतीने आणि तिला शेजारी बसवून लिहा. उत्तर तिच्या पत्त्यावर येते, अपील करण्याचा हक्क तिच्याकडे राहतो आणि पुढचा अर्ज ती स्वतः करू शकते.

प्रतिसाद ३
ओवी

मी महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे मानधनाबद्दल लिहिते. प्रवासखर्च संस्थेकडे न मागता आधी महाविद्यालयाकडे मागा. या संस्था सभासदांच्या वर्गणीवर आणि तुटपुंज्या देणग्यांवर चालतात. जिला फुकट काम करणे परवडत नाही अशी विद्यार्थिनी या कामापासून दूर राहावी, हे मला मुळीच मान्य नाही. परंतु ती जबाबदारी श्रेयांक देणाऱ्यांची आहे. तासांची नोंद रोजच्या रोज ठेवा आणि संस्थेतील व्यक्तीची सही दर आठवड्याला घ्या, शेवटच्या दिवशी एकदम मागू नका. आणखी एक विनंती. मार्गदर्शकांना अहवाल मराठीत स्वीकारण्याचा आग्रह धरा, म्हणजे ज्यांच्याबद्दल तो आहे त्यांना तो वाचता किंवा ऐकता येईल.

मुठेकाठची

तिघांचेही मनापासून आभार. मावशींचे उत्तर वाचून आम्ही तिघी बराच वेळ गप्प बसलो. साठ प्रश्नांची प्रश्नावली आम्ही बाजूला ठेवली असून मार्गदर्शक मॅडमशी उद्या बोलणार आहोत. मॅडमनी काहीतरी लेखी विश्लेषण हवेच असा आग्रह धरला तर काय करावे?

प्रतिसाद १ (पुन्हा)
जुनी रद्दी

मॅडमची अपेक्षा रास्त आहे आणि ती पूर्ण करता येईल. विम्याचे दावे लावताना कोणत्या कागदामुळे दावा अडतो, हे तुम्हाला पन्नास दाव्यांत आपोआप दिसेल. कोणाच्या आधार कार्डावरचे नाव वेगळे असते, कोणाकडे दवाखान्याची पावती नसते, कोणाला सकाळची फेरी सोडून कार्यालयात येणे जमत नाही. हे नीट लिहिलेत तर तेच विश्लेषण होईल, शिवाय त्यासाठी कोणालाही काम थांबवून प्रश्न विचारावे लागणार नाहीत. नावे मात्र कुठेही लिहू नका, आणि अहवाल महाविद्यालयात देण्यापूर्वी सभासदांच्या बैठकीत वाचून दाखवा. आमच्या बैठका दुपारी तीननंतर होतात, त्याआधी बायका मोकळ्या नसतात. पहिल्या दिवशी मात्र सकाळी सहाला या, पायांत बंद बूट घाला, पाण्याची बाटली बरोबर ठेवा आणि मावशींबरोबर एक पूर्ण फेरी करा.